उंदरांच्या आया

माझ्या अंगाला उंदरांचा वास येतो, असं ताई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला भयंकर राग आला होता. मी नुकताच प्रयोगशाळेत संशोधक म्हणून लागलो होतो आणि स्वतःला मोठा शास्त्रज्ञ समजत होतो. आणि ही बाई खापरखेड्याच्या कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरच्या दारात नाकाला पदर लावून उभी. म्हणाली, "तू आला का आमच्या मांजरीले लय खुशी होते गा." आतून तिची सासू खो-खो हसली. मी आल्या पावली परत निघालो, तर ताईने दंडाला धरून आत नेलं आणि पोह्यांची बशी हातात दिली. तिच्या थट्टेवर रुसून बसणं मला आयुष्यात कधी जमलं नाही.

आमचं घर नागपुरात, महाल भागात. मी कॉलेजात असताना आई गेली. वडील त्यांच्या दुकानात आणि त्यांच्या अबोल्यात बुडालेले. त्यामुळे माझं म्हणावं असं माणूस म्हणजे ताईच. तिचे यजमान, आमचे भाऊजी, खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. त्यांची आई सावनेरकडच्या खेड्यातली, शेतात राबलेली, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या हाताची बाई. ती वाढायला बसली की पानात जागा उरायची नाही. मी तिला मावशी म्हणायचो. ताईला सासुरवास असा नव्हताच. मावशी नको म्हटलेलं ऐकत नाही, एवढीच काय ती तक्रार असायची.

हे सगळं ऐंशी सालाच्या आसपासचं. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते काही वर्षं परदेशात काम करून आले होते. तिथल्या एका मित्राकडून त्यांनी उंदरांच्या काही जोड्या मागवल्या होत्या. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या जगाव्यात म्हणून त्यांच्या खोलीला कूलर होता, आणि आमच्या बसायच्या खोलीला मात्र खडखडणारा पंखा. यावरून मी सरांशी भांडलोही होतो. सर म्हणाले, "तू गेलास तर दुसरा मिळेल रे, हे उंदीर मिळणार नाहीत."

सर चुकीचं बोलत नव्हते. परदेशात कुणीतरी एका नरावर क्ष-किरण सोडले होते आणि त्यानंतर त्याच्या वंशात एक जनुक कायमचा बिघडला होता. हल्ली हवा तो जनुक ठरवून काढून टाकलेला उंदीर मिळतो. तेव्हा असा किरणांच्या माऱ्यात बिघडलेला वंश हाती लागणं हीच चैन होती. त्या जनुकाचं काम यकृतातलं एक एन्झाइम तयार करायचं, ज्याला पुस्तकी मराठीत विकर म्हणतात. आपण डाळ खातो, अंडी खातो, मटण खातो. त्यातल्या प्रथिनांपासून अंगात अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया म्हणजे मेंदूला विषच. यकृत त्या विषाचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. या कामाला जी विकरं लागतात त्यांतलं एक आमच्या उंदरांत लंगडं होतं. माणसांतही हाच बिघाड असतो, फार विरळा, आणि त्यात लेकरं जगत नाहीत.

बिघाड सगळ्यांना सारखा भोवत नसे. माद्यांकडे त्या जनुकाच्या दोन प्रती, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी काम भागवून नेते. नराकडे प्रत एकच. म्हणून आई धडधाकट दिसायची, तिच्या लेकीही दिसायच्या, आणि निम्मे मुलगे मात्र पहिल्या आठवड्यातच ओळखू यायचे. भावंडांच्या अंगावर मऊ लव आलेली असायची आणि हे उघडेबोडके, खुरटलेले, कातडीला सुरकुत्या पडलेले. सुरुवातीला मला त्यांची फार दया आली. आईचं दूध तुटलेल्या दोघा उघड्यांना मी भिजवलेले हरभरे जास्तीचे दिले, अंगात जरा ताकद येईल म्हणून. दोघंही झटके येऊन मेले. सर मला रागावले नाहीत, पण म्हणाले, "यांना खायला घालून वाचवता येत नाही. हाच तर आजार आहे."

ताईचा पहिला मुलगा मी तिथे लागण्याच्या आधीच गेला होता. जन्मला तेव्हा चांगला गुबगुबीत होता, आणि दोन-तीन दिवसांत गेला. दुसरा झाला तेव्हा मी त्याला मांडीवर घेतला होता. त्याने माझं बोट असं आवळून धरलं की ताई म्हणाली, "पहा, मामाले सोडतच नाही." दुसऱ्या दिवशी तो दूध प्यायचा कंटाळा करू लागला. तिसऱ्या दिवशी त्याला जागं करता येईना, श्वास भराभर चालू लागला आणि मग झटके आले. डॉक्टरांनी रक्तात दोष झाला म्हणून सांगितलं. कॉलनीतल्या बाया ताईकडे पाहून आपापली लेकरं पदराखाली घेऊ लागल्या. मावशी त्यांच्याशी भांडायला उठायची. "माह्या सुनेले नावं ठेवसान तं पाहा," असा तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

पुरून आल्यावर काही दिवसांनी मी कामावर गेलो. पिंजऱ्यात नवी पिल्लं होती. एक आई आडवी पडलेली आणि पिल्लं तिला लुचत होती, त्यांत दोन उघडी. मी पाहत उभा राहिलो. मुलगे. ताईचेही दोन्ही मुलगेच. आमच्या आईचेही, माझ्या आधीचे, दोन मुलगे पाळण्यातच गेले होते, ही गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आणि ताईला लहानपणापासून वरण चालत नव्हतं. वरणाची वाटी ती हळूच माझ्याकडे सरकवायची. रविवारी मटण झालं की दुपारभर डोकं धरून पडायची, ओकायची, आणि आई तिला नखरेल म्हणून पाठीत धपाटे घालायची. मी मात्र दोन्ही वाट्या चाटून पुसून खायचो. आईकडच्या दोन प्रतींतली चांगली माझ्या वाट्याला आली होती आणि बिघडलेली ताईच्या. यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

मी सरांना सांगितलं. तपासणी साधी होती. सकाळी ताईने उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध घ्यायचं आणि मग तिची दिवसभराची लघवी आम्ही तपासायची. जनुक बिघडलेला असला तर तीत एक ठरावीक आम्ल वाढतं. ताई म्हणाली, "एवढं शिकून शेवटी बहिणीची लघवी मोजाले लागला का गा?" तिने अंडी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत कपाळाला फडकं बांधून आमच्या महालातल्या घरी पडून राहिली. आकडे आले तेव्हा सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "अरे, ही तर आपली हेटरोझायगस!" दोन वेगळ्या प्रतींच्या मादीला शास्त्रात तसं म्हणतात. मी ओरडलो, "ती माझी बहीण आहे, पिंजऱ्यातली मादी नाही." सरांनी चष्मा काढून ठेवला आणि माझी माफी मागितली. त्यांच्या वयाच्या माणसाने मागू नये अशी ती माफी होती, त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

ताईला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे कोणाची नजर नव्हती ना?" नव्हती, म्हटलं. "मी काही चुकीचं खाल्लं-बिल्लं म्हून नव्हतं?" तसंही नव्हतं. मग ती रडली. दोन लेकरं गेल्याचं जे ओझं तिच्या डोक्यावर लोकांनी ठेवलं होतं ते उतरल्याचं ते रडणं होतं. मला वाटलं, माझ्या उंदरांनी काहीतरी चांगलं केलं.

वर्षभराने ताईला पुन्हा दिवस गेले. आम्ही तयारीला लागलो. मुलगा झाला तर त्यात बिघाड असण्याची शक्यता निम्मी. तसं झालं तर सुरुवातीचे दिवस त्याला दूध तोडायचं, नुसतं साखरेचं पाणी आणि सलाइन द्यायचं, आणि सोबत एक औषध, ज्याचे सर तेव्हा उंदरांवर प्रयोग करत होते. औषध म्हणजे साधी पांढरी भुकटी, संत्र्याचं सरबत बाटलीत टिकवायला घालतात तीच. पण ती अंगातला नको असलेला, ज्याचा अमोनिया होतो तो नायट्रोजन बाहेर घेऊन जाते, असं परदेशात दिसू लागलं होतं. उघड्या पिल्लांना आम्ही ती द्यायचो आणि काही पिल्लं खरंच जास्त जगायची. एखादं पिल्लू जगलं की मी खापरखेड्याला जाऊन सांगायचो. मावशीलाही त्यांचा लळा लागल्यासारखं झालं होतं. "तुह्या उघड्या पोट्ट्यांचं काय झालं?" असं ती आधी विचारायची आणि मग पाणी द्यायची.

एकदा ताई उंदरांच्या खोलीत आलीच. पोट बरंच दिसत होतं. दारात थबकून म्हणाली, "माय वं! उंदरांले बसाले कूलर अन् आम्ही उन्हात." मग वाकून पिंजऱ्यात पाहू लागली. आई तिच्या पिल्लांवर पाय पसरून बसली होती.

"हिले समजते का गा, कोणतं मरन ते?"

"काय माहीत."

"साऱ्यांले सारखंच पाजून राहिली." थोड्या वेळाने तिने विचारलं, "अन् हिले सोताले? हिले काही होत नाही?"

"नाही. आया चांगल्या राहतात. पिल्लांचंच खरं."

मी तेव्हा मला ठाऊक होतं ते सांगितलं. सरांना विचारलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं. आमच्या कामात आई म्हणजे पिल्लं मिळण्याची वाट. तिचं वजन आम्ही करत नसू, तिचं रक्तही कधी काढलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे पिल्लांवर.

तरीही ताईला प्रथिनं सोसत नाहीत हे दिसतच होतं. म्हणून बाळंतपणाच्या आधी मी मावशीला बसवून सांगितलं की हिला डाळ, अंडी, मटण देऊ नका, डोकं दुखेल, उलट्या होतील. भात द्या, तूप-साखर द्या, केळी, संत्री, भाज्या हवं तेवढं द्या. मावशी ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय सांगत बसलो आहे. बाळंतिणीला भात थंड, केळं थंड, संत्रं तर विचारायलाच नको. अंगात वारं शिरतं, दूध आटतं, लेकराला सर्दी होते. आणि बकऱ्याच्या पायाचा रस्सा, गावरान कोंबडी, अंडी हे सगळं गरम, अंगात बळ आणणारं, दूध उतरवणारं. मी जे-जे द्या म्हणत होतो ते-ते तिच्या शास्त्रात वर्ज्य, आणि जे-जे नको म्हणत होतो त्यावरच तिने सात लेकरं आणि गावातल्या कितीतरी बाया उभ्या केल्या होत्या.

"बाबू," ती म्हणाली, "तू म्हणशीन तसं करू. पण बाळंतिणीले केळं देल्लं असं कोणी आयकलं तं मले हाणतीन."

आम्ही हसलो. ताईही हसली.

मुलगी झाली. नागपुरातल्या दवाखान्यात, दिवसाढवळ्या, काही त्रास न होता. मी वॉर्डभर संत्रा बर्फी वाटली. मुलगी झाल्यावर असा नाचणारा मामा पाहून नर्सेस माझ्याकडे बघत राहिल्या. सर स्वतः येऊन बाळाला पाहून गेले. मुलीच्या जिवाला एवढ्यात धोका नव्हता, तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मी तिच्या पाळण्यापासून हललो नाही. ती प्यायली, रडली, ओलं केलं, पुन्हा प्यायली. चौथ्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी जिन्यात बसून ढसाढसा रडलो. ताई घरी गेली. माझ्या मनाने ही गोष्ट संपली होती.

दोनेक आठवड्यांनी भाऊजी अचानक प्रयोगशाळेत आले. कामाच्या कपड्यांतच होते. म्हणाले, "ती वेड्यासारखी करून राहिली बाबू. पोरीले ओळखत नाही." आधी दोन दिवस उलट्या झाल्या, मग चिडचिड, मग काहीबाही बोलणं. शेजारच्या बायांनी बाळंतवात म्हटलं, कुणी बाहेरचं म्हटलं. अशक्तपणा असेल म्हणून घरच्यांनी तिला आणखी रस्सा पाजला. मी विचारलं, "कसला रस्सा?" भाऊजी खाली बघू लागले.

ताईला नागपूरला आणलं तेव्हा ती झोपेत होती. मी हाक मारली, डोळे उघडले, पण ते माझ्यावरून पलीकडे गेले. सर धावत आले. रक्तातला अमोनिया तपासला आणि आकडा मला सांगितला नाही. उंदरांच्या खोलीतल्या कपाटातली ती भुकटी काढून, विरघळवून, नळीने दिली. ग्लुकोज चालू होतं. दवाखान्यातले डॉक्टर आम्हाला हवं ते करू देत होते, कारण त्यांच्याकडे करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी ताईच्या पायाशी बसलो होतो. तिच्या पातळावर छातीपाशी ओल्या दुधाचे डाग पडत होते. बेशुद्धीतही तिला दूध येत होतं. ते पाहून मला जे झालं ते मला आजही लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी मावशीशी बोलणं टाकलं. अंगणात लोकांदेखत मी तिला म्हणालो, "तुम्हाला सांगितलं होतं." मोठ्या आवाजाची बाई ती, भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर ताईची पोर होती. मी निघून आलो आणि कितीतरी महिने खापरखेड्याकडे फिरकलो नाही. भाऊजी येऊन पोरीची खुशाली सांगून जायचे. गाईच्या दुधावर चांगली वाढते आहे म्हणायचे.

त्या काळात मी उंदरांच्या आया तपासायला घेतल्या. सरांनीही हातातलं काम बाजूला ठेवलं. आयांचं रक्त काढलं, काहींची यकृतं काढून त्यांत विकर किती आहे ते मोजलं. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच प्रत जागी असते आणि कुठल्या पेशीत कुठली हे कुणाच्या हातात नसतं. तिचं यकृत म्हणजे गोधडीच, काही ठिगळं चांगल्या कापडाची आणि काही विरलेली. एका आईत चांगली ठिगळं पुष्कळ, दुसरीत जेमतेम. बाहेरून दोघी सारख्याच गुटगुटीत. आणि बाळंतपणानंतर आणखी एक होतं. पोसलेलं गर्भाशय आक्रसतं आणि त्याचं मांस अंगातच जिरतं. म्हणजे तोंडाने काही न खाताही आईच्या रक्तात प्रथिनांचा लोंढा येतो. ताईने रस्सा घेतला नसता तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. सरांनाही माहीत नव्हतं. माझा राग टेकून उभा होता ती भिंतच गेली, पण राग काही लगेच गेला नाही.

मग पोरीच्या उष्टावणाचं बोलावणं आलं. पहिला घास भरवायचा मान मामाचा, आणि तिला मामा मी एकटाच. नाही म्हणायची सोय नव्हती. मी गेलो. मावशी निम्मी झाली होती. पाटावर बसवलेली पोर माझ्याकडे पाहून खुदकन हसली. तिचं हसणं ताईचंच होतं, एका बाजूला जरा जास्त.

मावशीने खिरीची वाटी माझ्या हातात दिली आणि भाऊजींना म्हणाली, "तू बाहीर बस. मले याच्यासंग बोलाचं हाये."

मग माझ्याकडे न बघता बोलू लागली. "बाबू, मी पहिले आठ दिवस तू सांगतलं तसंच केलं. भात देल्ला. केळं देल्लं. लोकं हसले तरी देल्लं. पण तिले दूध उतरेना. पोट्टी चोखून चोखून थके अन् रडे. तुह्या बहिणीनं सोता मांगतलं. मी म्हटलं, बाई, बाबू नाही म्हणून गेला. तं म्हणे, डोकं दुखन तं दुखू द्या. म्हणे, बाबूच्या उंदरांत पोरं मरते, माय मरत नाही. मी सोताच्या डोळ्यानं पाहून आली. त्यानंच सांगतलं."

मी वाटी खाली ठेवली.

"मंग मी पायाचा रस्सा केला. दूध आलं बाबू. असं आलं का पदर भिजे. पोट्टी पोटभर प्याली अन् पहिल्यांदा शांत निजली. तुही बहीण तिच्याकडे पाहे अन् हासे. डोकं दुखून राहिलं होतं, पण मले सांगे ना." ती थांबली. "तू शिकलेला हायेस. मले खरं सांग. मी मारलं का तिले?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही नाही मारलं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं."

ते खरं होतं, आणि ते तिला उपयोगाचं नव्हतं, मलाही नव्हतं. आम्ही दोघं त्या पोरीच्या दोन बाजूंना बसून रडलो. पोर आळीपाळीने आमच्याकडे पाहत होती आणि वाटीकडे हात करत होती.

डोळे पुसून मावशीने विचारलं, "हिच्यात बी हाये का थे?"

"असू शकतं. नसूही शकतं. जरा मोठी झाली की तपासू."

"अन् असलं तं?"

"दूध सोसतं आहे तिला. सांभाळून राहिली तर काही होणार नाही. पुढे बाळंतपणात मात्र जपावं लागेल."

मावशीने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे केस दाट होते, ताईसारखेच.

"तवा मी नसीन," ती म्हणाली. "तू राहशीन. हिच्या सासूले सांगजो. नुसतं देऊ नका म्हणून येजो नको, म्हातारी आयकत नाही. तिच्या चुलीजवळ बसजो. हिले दूध आलं नाही, पोट्टं रडलं, हिनं सोता हात जोडून मांगतलं, तरी तिथून उठजो नको."

मी हो म्हणालो. पोरीने तोंड उघडलं होतं. मी चमच्यात थोडी खीर घेतली, फुंकर घातली आणि तिला पहिला घास भरवला.